किती होतील

मोकपो बंदराच्या मागच्या रस्त्यावर
सुकटीच्या दुकानावर तिसरा मजला: आमची शिकवणी.
एकोणीस वर्षं मी तिथे हिशेब लिहिते.
मला इंग्रजी येत नाही. आकडे येतात.

एम्रिस वेल्सहून आला तेव्हा
एकवीस लाख वॉन, येण्याजाण्याचं तिकीट,
एक खोली, खोलीत फ्रीज, आणि फ्रीजमध्ये
संचालकबाईंनी स्वतः नेऊन ठेवलेला किमचीचा डबा.
निम्मा पगार तो घरी पाठवायचा.
कॉलेजचं कर्ज फिटलं त्या रात्री
त्यानं आम्हा सगळ्यांना तळलेली कोंबडी खाऊ घातली
आणि लिफ्ट नसलेल्या जिन्यावर बसून
एकटाच काहीतरी गुणगुणत राहिला.
मला वाटलं, हा आता जाईल.

गेला नाही.

आज तेवीस लाख.
आकडा वाढला, त्याच्या अंगातलं बळ गेलं.
तिकीट करारातून गेलं; आधी यायचं,
मग जायचंही.
करार मीच टाइप करते.
एक कलम खोडायला साधारण चार सेकंद लागतात.

दाराशी बुटांची मांडणी आहे, चाळीस जोडांची.
काल तिच्यात नऊ जोड होते, त्यातला एक माझा.
मुलंच जन्मत नाहीत, कुणाला बोल लावायचा?
खालच्या गल्लीतली बालवाडी आता म्हाताऱ्यांची झालीय,
भिंतीवरचे जिराफ त्यांनी तसेच ठेवलेत,
जिराफाच्या पायाशी चाकांच्या खुर्च्या.

मंगळवारी-गुरुवारी पडद्यावर मारिव्हिक येते,
इलोइलोहून, पंचवीस मिनिटांच्या दरानं.
तिच्या मागे एकदा कोंबडा आरवला
तर मुलं त्या दिवशी खरंच इंग्रजी बोलली:
त्याचं नाव काय, तो काय खातो, तुम्ही त्याला खाणार का.
महिनाअखेर ती मला लिहिते, दर वाढेल का?
मी फोनला विचारून उत्तर धाडते: पाहू.
पाहू कुठल्याही भाषेत नेलं
तरी त्याचा अर्थ तोच राहतो.

परवा किम्बर्लीच्या एका मुलीची मुलाखत झाली.
तेवीस लाख ऐकून तिनं तोंडावर हात धरला,
म्हणाली, आईचं छप्पर होईल यात.
बाईंनी मला ते कोरियनमध्ये सांगितलं, हसत, सुटल्यासारखं.
एम्रिस झेरॉक्स यंत्रापाशी होता.
त्याला भाषांतराची गरज नव्हती.
यंत्रानं पानं ओकून संपवली तरी
तो झाकण धरून उभा.

त्याच दुपारी काचेपलीकडे त्यानं फळ्यावर लिहिलं
यूज्ड टू.
जे पुन्हापुन्हा व्हायचं आणि आता होत नाही, त्याला असं म्हणतात,
हारामनं मला नंतर समजावलं, डब्यातली सीवीड खाता खाता.
तिचं वाक्य होतं: आजोबांची होडी असायची.
दुसऱ्याचं: इथे डोजुन बसायचा.
तिसऱ्याला काही सुचेना. तो सात वर्षांचा आहे,
त्याचं अजून काहीच संपलेलं नाही.

शाळा सुटल्यावर एम्रिस माझ्या टेबलाशी आला.
सतरा वर्षं झाली, तरी आमचे काळ त्याला नीट जमत नाहीत.
म्हणाला, सोडलं, तर माझे किती होते?
होतील, मी दुरुस्त केलं.
होतील, तो शहाण्या मुलासारखा म्हणाला.

दर वर्षामागे एक महिना, असा कायदा आहे.
मी कॅल्क्युलेटरवर हात ठेवला, पण दाबला नाही,
हा गुणाकार मी गेल्या हिवाळ्यातच करून ठेवलाय,
तीनदा, तीन वेगळ्या कागदांवर.
तीन कोटी एक्याण्णव लाख, मी सांगितलं.
त्यानं तो आकडा ओठांत फिरवला.
समुद्राकडे घर, म्हणाला, किंवा निदान गाडी.
माझ्या पेल्यात त्यानं आपल्या थर्मासमधला बार्लीचा चहा ओतला.

आकडा बरोबर होता.
खात्यात नव्हता.

मी चहा प्यायले, सगळा,
आणि वही मिटली.